एकलहऱ्याचा हिवाळा आणि बागाईतदाराची वही

नाशिकरोड मागे टाकून पूर्वेकडे निघाले की औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या लांबूनच दिसू लागतात. तेच एकलहरे. १९७० साली येथे विजेचा पहिला संच सुरू झाला. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले आणि एकलहरे म्हणजे कोळसा, राख आणि वीज अशी ओळख झाली. पण चिमण्यांकडे पाठ करून गोदावरीकडे वळले की दुसरे एकलहरे भेटते. काळी जमीन, द्राक्षाचे मांडव, कांद्याचे वाफे, भाजीपाला आणि घरामागची परसबाग! या दुसऱ्या एकलहऱ्याची खरी परीक्षा हिवाळ्यात होते.

थंडीच्या पहाटे चिमणीचा धूर पाहावा. वारा असला तर तो दिशा सांगतो. वारा पडलेला आणि आकाश निरभ्र असले, तर धूर वर न चढता आडव्या थरासारखा पसरतो. रात्रभर जमीन आपली ऊब आकाशात सोडते, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. गार हवा जड. ती पाण्यासारखी उताराला वाहते आणि नदीकाठच्या सखल शेतात साचते. म्हणून एकाच शिवारात माळावरची बाग सावरते आणि खालची बाग गारठते.

आकाशात ढग असले तर तेच गोधडीचे काम करतात. रात्र उबदार जाते. पण बागाईतदाराला तेही सुख नाही. ढगाळ हवेत द्राक्षावर भुरी येते, पाऊस झाला तर केवडा येतो, कांद्यावर करपा पडतो, हरभऱ्यात घाटेअळी वाढते. ढग गेले की गारठा. वेलीची वाढ थांबते, मण्यांत साखर भरत नाही, तयार मणी तडकतात. गहू-हरभऱ्याला मानवणारी थंडी शेजारच्या द्राक्षाला मारक ठरते. एकाच घरात एका पिकासाठी थंडी मागायची आणि दुसऱ्यासाठी ती टळो म्हणायचे, अशी ही तऱ्हा आहे.

गेल्या काही वर्षांत या लहरीपणाचे दणके जिल्ह्याने सोसले आहेत. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाने पाऊस आणला. २०१८ च्या डिसेंबरअखेर गोदावरीच्या खालच्या अंगाला, निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा २ अंशांच्याही खाली उतरला. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस हटेना आणि लवकर छाटलेल्या बागा फुलोऱ्यातच कुजल्या. २६ नोव्हेंबर २०२३ ला गारपिटीने काही मिनिटांत द्राक्षे आणि कांदा झोडपला. छाटणी, औषधे, मजुरी, सोसायटीचे कर्ज असा सारा खर्च झालेला आणि माल हाताशी यायच्या आधीच बाग भुईसपाट. अशा घरात मुलीचे लग्न पुढे ढकलले जाते, मुलाच्या कॉलेजच्या फीची चिंता लागते.

मग हवामान खात्याने आधी सांगायला नको का? हा प्रश्न रास्त आहे. पण कोणता अंदाज काय सांगतो ते आधी समजून घ्यावे. हंगामाचा अंदाज म्हणजे मोठ्या प्रदेशाची तीन महिन्यांची सरासरी. थंडी नेहमीपेक्षा कमी की जास्त, याची ती केवळ शक्यता असते. हिवाळा उबदार गेला तरी त्यात दोन कडाक्याच्या रात्री येऊ शकतात, आणि बाग त्या दोन रात्रींतच जाते. शिवाय एकाच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर येवल्याकडे त्याचा जेमतेम सहावा हिस्सा. साऱ्या जिल्ह्याचा अंदाज एकलहऱ्याच्या बांधाला तंतोतंत कसा लागावा? चार-पाच दिवसांचा अंदाज मात्र पुष्कळ उपयोगी पडतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. तो चुकवू नये. फवारणी, पाणी आणि काढणी त्यावर ठरवावी. हंगामाच्या अंदाजावर मात्र सगळी बाग पणाला लावू नये.

हुशार बागाईतदार जोखीम वाटून घेतो. सारी बाग एकाच दिवशी न छाटता आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकडे करतो. कांद्याचे रोप दोन टप्प्यांत टाकतो. सखल तुकड्यात नाजूक पीक घेत नाही. पाणी साचू नये म्हणून चर काढून ठेवतो. कडाक्याच्या रात्री विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, म्हणून पहाटे ते बागेला देतो आणि बांधाला शेकोट्या पेटवतो. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. गारपिटीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि नुकसान ७२ तासांत कळवावे लागते, हेही घरात सर्वांना ठाऊक असावे.

आणखी एक स्वस्त उपाय आहे. किमान तापमान दाखवणारा एक तापमापक आणावा आणि बागेच्या सखल भागात, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, सावलीत टांगावा. सरळ कडांचा डबा पाऊस मोजायला ठेवावा. रोज सकाळी घरातल्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : पारा, पाऊस आणि आकाश. शेजारी त्या दिवशी दिसलेला रोग आणि केलेली फवारणी नोंदवावी. त्या दिवशीचा सरकारी अंदाजही लिहावा. तीन-चार हिवाळे गेले की अंदाज आणि आपले शेत यांत किती अंशांचा फरक पडतो, ते ध्यानात येते. मग रेडिओवर वा मोबाइलवर ९ अंश ऐकले, तर आपल्या नदीकाठी ७ धरायचे की ८, हे त्या वहीवरून ठरवता येईल. यंदा छाटणीची कात्री बाहेर काढाल, त्याच दिवशी वहीचे पहिले पान लिहा.