तिरकी नजर

वीकेंडचा प्लॅन काय, असं मैत्रिणींनी विचारलं की मी हल्ली 'मामाकडे जातेय' एवढंच सांगते. खरं सांगितलं तर पुढचा अर्धा तास प्रश्नोत्तरांत जातो. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी, सगळं पब्लिक एफसी रोडकडे निघालेलं असताना, मी आणि मामा उलट दिशेने नाशिक रस्त्याला लागतो. एकमेकींना ओढून-ताणून वेड्यावाकड्या झालेल्या दीर्घिका बघायला. गाडीत मागच्या सीटवर आडवं टाकलेलं एक चार फुटी नळकांडं असतं, तीच आमची दुर्बीण.

मामा भोसरी एमआयडीसीतला टूलरूमवाला. आता रिटायर झालाय, पण सगळी नोकरी मायक्रॉनमध्ये बोलण्यात गेली. दुर्बिणीचा आठ इंची आरसा त्याने स्वतः घासलाय. फंडा साधा आहे. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, खाली पत्र्याचं पिंप. वरची चकती घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. पूड बारीक करत न्यायची, मग पॉलिश. शेवटी पृष्ठभागातली चूक मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आत आणावी लागते. 'कंपनीत कुणी एवढं मागितलं नाही,' हे मामा अजून ऐकवतो. मामीचं म्हणणं वेगळं. 'लग्नानंतरची पहिली दिवाळी यांनी पिंपाला प्रदक्षिणा घालण्यात घालवली.'

अशा आरशातून शनीची कडी, चंद्रावरची विवरं चिंचवडच्या गच्चीवरूनही मस्त दिसतात. पण मामाचा जीव अडकलाय तो आर्पच्या यादीत. हाल्टन आर्प हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ. १९६६ मध्ये त्याने विचित्र दीर्घिकांचा अ‍ॅटलास छापला, ३३८ फोटोंचा. कुणाला शेपूट फुटलेली, कुणाचा हात शेजारणीपर्यंत लांबलेला. हे असं का होतं, ते १९७२ मध्ये अलार आणि यूरी तूमरे या भावांनी कॉम्प्युटरवर दाखवलं. दोन दीर्घिका जवळून गेल्या की नुसत्या गुरुत्वाकर्षणानेच असे पूल आणि अशा शेपट्या निघतात. तारे एकमेकांवर आदळत नाहीत, त्यांच्यामध्ये जागा प्रचंड असते. वायूचे ढग मात्र भिडतात आणि नवे तारे जन्माला येतात.

आर्पचं पुण्याशीही नातं आहे. त्याचं पुढे सगळ्यांशी बिनसलं. दीर्घिकेच्या प्रकाशातल्या ताम्रसृतीवरून तिचं अंतर काढतात, ते नेहमी बरोबर नसतं, असं तो म्हणायचा. पुराव्यादाखल जवळची दीर्घिका आणि दूरचा समजला जाणारा क्वेसार यांना जोडणारे पूल दाखवायचा. बाकीचे म्हणायचे, योगायोग. १९८० च्या दशकात त्याला तिथल्या मोठ्या दुर्बिणींवर वेळ मिळेना, तेव्हा तो जर्मनीला गेला. त्याचं म्हणणं गंभीरपणे घेणाऱ्या मोजक्या लोकांत आपले जयंत नारळीकर होते. १९९३ मध्ये दोघांनी मिळून शोधनिबंधही लिहिला. आर्प २०१३ मध्ये गेला, नारळीकर २०२५ मध्ये. त्यांचं म्हणणं बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी मान्य केलेलं नाही. अ‍ॅटलास मात्र सगळेच वापरतात.

तर, या दीर्घिका बघायला अंधार लागतो, आणि आमचा सगळा लोचा तिथेच आहे. तारा म्हणजे टिंब, ते उजळलेल्या आकाशातही टोचून दिसतं. दीर्घिका म्हणजे पाटीवर पुसलेल्या खडूचा डाग. पाटीच पांढरी झाली तर डाग कुठे शोधणार? मामाने १९९४ मध्ये चाकणच्या बाहेर माळावर दुर्बीण लावून चित्रं काढली होती. आज त्याच बाजूला रात्री दोन वाजताही आकाश गढूळ नारिंगी असतं. पोटापाण्याचा उजेड आहे तो, अर्ध्या पिंपरी-चिंचवडचं घर त्यावर चालतं, मामाचंही चाललं. म्हणून तो कुरकुरत नाही, फक्त पुढे सरकतो. आधी राजगुरुनगर, आता त्याच्याही पुढे, वाड्याच्या रस्त्याला एका ओळखीच्याचं शेत. चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास ट्रकांच्या मध्ये उभं राहायचं, मग सुटायचं. याच हायवेने पुढे आयुकाची गिरवलीची दोन मीटरची दुर्बीण आहे आणि खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० डिश. म्हणजे शास्त्रज्ञही याच जॅममधून जात असणार. बरं वाटतं.

शेतात पोचल्यावर वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मोबाइल बंद. (माझ्यासारखीला हे सगळ्यात कठीण.) टॉर्चला लाल जिलेटिन. एप्रिलमध्ये हस्त नक्षत्र डोक्याच्या दक्षिणेला छान वर येतं. त्याच्या शेजारी आर्प-२४४, म्हणजे 'अँटेना' दीर्घिकांची जोडी. लंडनमध्ये ती क्षितिजापासून जेमतेम वीस अंश चढते, आपल्याकडे पन्नासच्या वर. फोटोत तिच्या लांबलचक मिशा दिसतात. आमच्या दुर्बिणीत स्वल्पविरामासारखा एक फिकट डाग. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, 'बस, एवढंच?' हो, एवढंच. पण तो उजेड काही कोटी वर्षं प्रवास करून थेट माझ्या डोळ्यात शिरलाय, मध्ये स्क्रीन नाही.

बघायची एक ट्रिक आहे. डागाकडे सरळ बघायचं नाही, किंचित बाजूला बघायचं. अंधुक उजेड डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेच्या भागाला जास्त कळतो. मामा याला 'तिरकी नजर' म्हणतो.

गेल्या दोन वर्षांत मामाला आर्प-८५ मधला पूल दिसेनासा झालाय. सप्तर्षीच्या शेपटीजवळची ही जोडी. मोठी चक्राकार एम-५१ आणि तिच्या टोकाशी लटकलेली धाकटी. १९९४ च्या वहीत दोघींमध्ये पेन्सिलीची पुसट रेघ आहे. आता नाही म्हणजे काय झालं? आकाश गेलं की डोळे? मामाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तेव्हा दोन्ही शक्य. मला तो शेतावर न्यायला लागला तो यासाठी. माझे डोळे म्हणजे त्याचा चेकिंग गेज.

त्या रात्री त्याने मला जुनं चित्र दाखवलं नाही, नुसती कोरी वही दिली. मी पाऊण तास बघत होते. एक मोठा डाग, एक छोटा. मग एकदा वारा पडला, आकाश स्थिर झालं, नजर तिरकी केली आणि दोघींच्या मधली जागा पूर्ण काळी नाही असं वाटलं. गेलं. परत आलं. मी पेन्सिल आडवी धरून तेवढीच छटा काढली आणि वही त्याच्याकडे दिली.

मामाने लाल टॉर्चखाली दोन्ही चित्रं शेजारी धरली. बराच वेळ काही बोलला नाही.

'आकाश आहे अजून इथे,' एवढंच म्हणाला.

ऑपरेशनची तारीख त्याने जुलैमधली घेतलीय. मामी म्हणते, लवकर करा. तो म्हणतो, पावसाळ्यात तसंही काही दिसत नाही.