पहिल्यांदा पुस्तकाप्रमाणे

मी केलेली वालाची उसळ खाऊन माझी मुलगी म्हणाली, "आई, ही मटकीचीच आहे ना?"

तेव्हा ती सहावीत होती. तिला त्या उसळीचे कष्ट ठाऊक होते, कारण आम्ही चौघांनी मिळूनच ते वाल सोलले होते. आमच्या लातूरला कडवे वाल सहजासहजी मिळत नाहीत. ह्यांनी ते पुण्याहून येताना आणले होते. माझ्या पाककृतींच्या पुस्तकात लिहिलं होतं तसं रात्रभर भिजवले, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात घट्ट बांधले, मोड आल्यावर कोमट पाण्यात घातले आणि परात मधे ठेवून सगळे सोलायला बसलो. भिजलेला वाल दोन बोटांत धरून दाबला की साल हातात राहते आणि पांढरी, गुळगुळीत डाळिंबी टपकन परातीत पडते. मुलांना त्याचा इतका नाद लागला की अर्ध्या तासात सगळे वाल सोलून झाले.

एवढं करून मी फोडणी घातली आणि माझा हात काळ्या तिखटाच्या डब्याकडे गेला. पुस्तकात काळं तिखट नव्हतं. हिंग, हळद, हिरवी मिरची, आमसूल, गूळ, जिरं आणि ओलं खोबरं होतं. पण मला ते फार मिळमिळीत वाटलं. मी दोन चमचे काळं तिखट घातलं. खोबरं कमी केलं आणि त्याच्या जागी शेंगदाण्याचं कूट घातलं. आमसूल होतं, तरी चिंचच बरी म्हणून चिंच घातली. उसळ चवीला चांगली झाली होती, सगळ्यांनी पोटभर खाल्ली. पण मुलीचा प्रश्न खरा होता. दोन दिवस खपून मी आमचीच रोजची उसळ केली होती, फक्त आत दाणा दुसरा होता.

त्या रात्री मला झोप लागेना. पुस्तक घेऊन मला दोन वर्षं झाली होती. त्यातले वीस-बावीस पदार्थ तरी करून झाले होते. एकेक आठवू लागले, तर सगळ्यांची चव जिभेवर एकच येत होती. पुस्तक परमुलखातलं, पण त्यातला एकही पदार्थ मी आमच्या घरात त्याच्या स्वतःच्या चवीनं येऊ दिला नव्हता. दारातच त्याच्या अंगावर आमचे कपडे चढवले होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी घरात नियम सांगितला. नवीन पदार्थ पहिल्यांदा पुस्तकाप्रमाणे, दुसऱ्यांदा आपल्याप्रमाणे. पहिल्या वेळी काही घालायचं नाही, काही वगळायचं नाही, आवडो न आवडो. मुलांना हे एकदम पटलं. ह्यांची हरकत नव्हती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आगं, चव बघून मीठ-तिखट घालायचं नाही तर मग हात कशाला दिलाय देवानं?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पन्नास वर्षं त्या कुठलंही माप न घेता स्वयंपाक करत आल्यात आणि त्यांच्या आमटीला मी कधी कमीजास्त म्हटलेलं नाही. पण तो हात आमच्या चुलीवर तयार झालेला. आमच्या भागाची चव त्याला पाठ आहे, दुसऱ्याची नाही. दुसऱ्याची चव पाठ करायची तर काही दिवस माप धरूनच चालावं लागतं.

मापाचंही शिकावं लागलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं आणि मराठी घराघरांत पोचलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यातली मापं वाटी आणि चमच्याची आहेत. तराजू नसलेल्या बाईलाही ती धरता येतात. ती धरताना माझी अडचण अशी होती की आमच्या घरात पाच आकारांच्या वाट्या. पिठाला एक, पाण्याला हाताला लागेल ती दुसरी, असं व्हायचं. मग एक मधल्या आकाराची स्टीलची वाटी निवडली, तिच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि ती फक्त पुस्तकासाठी ठेवली. वाटी लहान की मोठी याला महत्त्व नाही. एका पदार्थात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच वाटी हवी. माझे निम्मे बिघाड त्या लाल ठिपक्याने थांबले.

उरलेल्या निम्म्यांतला एक अजून आठवतो, तो उकडीच्या मोदकांचा. आमच्याकडे गणपतीला कणकेचे तळलेले मोदक असतात. त्या वर्षी मी उकडीचे करायचं ठरवलं. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल, उकळी आल्यावर पिठी वैरायची, ढवळून झाकण ठेवायचं, वाफ आली की गरम असतानाच मळायची. सगळं तंतोतंत केलं. तरी पारी करायला घेतली की कडेला चिरा पडत होत्या, कळी काढली की मोडत होती. एकवीसपैकी सात मोदक उभे राहिले. बाकीचं सारण आणि उकड वेगवेगळी खाल्ली. मुलगा तेव्हा लहान होता. तो सात मोदक पुन्हा पुन्हा मोजत होता. मला रडू आलं.

चूक पुस्तकाची नव्हती आणि मापाचीही नव्हती. मी रोजच्या भाताचा तांदूळ तसाच गिरणीत दळून आणला होता आणि तोही जाडसर. कोकणातल्या माझ्या एका सहकारी बाईंनी ते ऐकून विचारलं, "तांदूळ धुतलात का?" आंबेमोहोरसारखा वासाचा, चिकट होणारा तांदूळ धुवायचा, सावलीत फडक्यावर वाळवायचा, मग अगदी बारीक दळायचा, तेव्हा ती मोदकाची पिठी. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय त्यांना 'पिठी' या एका शब्दात हे सगळं कळतं. पुस्तक लिहिणारीला ते वेगळं सांगावंसं वाटलं नसेल. पुढच्या वर्षी तसं केलं आणि एकवीसच्या एकवीस मोदक उभे राहिले. तेव्हापासून नवीन पदार्थ करण्याआधी मी त्या भागातलं माणूस शोधते आणि साहित्याच्या यादीतल्या एकेका शब्दाबद्दल विचारते.

या सहकारी बाई कुडाळच्या. नोकरीनिमित्त चार वर्षं लातूरला होत्या. गावाहून परतताना त्यांनी एकदा मला आमसुलं आणि कागदाच्या पुडीत मूठभर तिरफळं आणून दिली आणि म्हणाल्या, "आता खतखतं कराच."

खतखतं हा गोव्या-कोकणातला सणासुदीच्या नैवेद्याचा पदार्थ. सुरण, लाल भोपळा, रताळी, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, अळकुड्या, मक्याचं कणीस, मिळतील तितक्या भाज्या. त्यात शिजवलेली तुरीची डाळ, ओलं खोबरं आणि सुक्या लाल मिरच्यांचं वाटण, आमसूल, गूळ आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. सुरणानं घसा खवखवतो म्हणून तो आधी आमसुलाच्या पाण्यात उकळून घेतला. भाज्या सगळ्या बाजारात मिळाल्या. डाळ तर लातूरचीच.

त्या रविवारी आत्याबाई ओट्याशेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. भाज्या शिजत आल्या, वाटण पडलं, रटरट आवाज यायला लागला. त्यांनी शांतपणे विचारलं, "फोडणी कवा घालायची?"

"फोडणी नाहीये यात."

"कांदा? लसूण?"

"तेही नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बिगर फोडणीचं कालवण असतंय का कुठं?" त्या उठल्या, कढल्यात तेल ओतलं आणि गॅसकडे वळल्या. मुलगी मधे आली. तिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आज्जी, पहिल्यांदा पुस्तकाप्रमाणे." आत्याबाईंनी कढलं तसंच खाली ठेवलं. त्यात तेल होतं, खाली आच नव्हती. सगळं जेवण होईपर्यंत ते तिथंच ओट्यावर होतं.

तिरफळ मी तोवर कधी हातात घेतलं नव्हतं. मिरीहून थोडं मोठं, तपकिरी, खडबडीत, वाळल्यावर तोंड उघडलेलं. आत काळं चकचकीत बी असतं, ते काढून टाकायचं, कामाचं ते वरचं टरफल. ठेचलं की एक वास येतो, थोडा संत्र्याच्या सालीसारखा, थोडा ओल्या लाकडासारखा. मी आठ टरफलं ठेचून पातेल्यात टाकली आणि झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा स्वयंपाकघरात आमच्या घराचा वास नव्हता. तेवीस वर्षं मी त्या खोलीत स्वयंपाक करते, पण असा वास तिथं कधीच आला नव्हता.

जेवायला बसलो. मुलानं एका भाजीबरोबर तिरफळाचा तुकडा चावला आणि तोंड उघडून म्हणाला, "जिभेला मुंग्या आल्या!" ह्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला स्वतःला पहिले दोन घास काही कळलं नाही. तिखट कुठंय, खमंगपणा कुठंय, असं जीभ शोधत होती. तिसऱ्या घासाला भोपळ्याची गोडी वेगळी कळली, मुळ्याचा उग्रपणा वेगळा, खोबऱ्याची साय वेगळी. तेल आणि लसूण नसल्यामुळे प्रत्येक भाजी आपापल्या आवाजात बोलत होती.

आत्याबाई काही न बोलता भाकरीशी खात होत्या. ताटातल्या फोडी बोटानं एकीकडे करत त्यांनी मोजल्या. मग म्हणाल्या, "ही तर त्यांची भज्जी की."

आमच्या लातूर-धाराशिवकडे येळवस असते, वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा करतात. नैवेद्याला बाजरीचे उंडे, ताकातली ज्वारीची आंबील आणि भज्जी. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, पावट्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, रानात त्या वेळी जे जे असेल ते सगळं एका भांड्यात, चिंचेच्या पाण्यात, बेसन लावून. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून दरवर्षी ती खातेय. खतखत्याची कृती वाचताना मला ती आठवली नव्हती. आत्याबाईंना एका घासात आठवली. जमिनीनं त्या दिवसांत जे जे दिलं ते एकत्र शिजवून आधी देवापुढं ठेवायचं, ही समुद्राकाठची रीत आणि आमची रीत एकच आहे, हे त्यांनी ओळखलं. मी काळं तिखट घातलं असतं तर त्यांनी ते ओळखलं नसतं. आमचीच भज्जी जरा बिघडलीय, एवढंच त्या म्हणाल्या असत्या.

महिन्याभराने खतखतं दुसऱ्यांदा केलं, आपल्याप्रमाणे. या वेळी कढलं तापलं, लसणाची चरचरीत फोडणी आत्याबाईंनी स्वतः घातली. पहिला घास घेऊन त्याच म्हणाल्या, "लसणानं त्या फळाचा वास दाबला गं." तिसऱ्या वेळी फोडणी नव्हती, फक्त मूठभर ओला हरभरा जास्तीचा होता. तो आता कायम असतो. आमच्या घरचं खतखतं असं झालं.

कुडाळच्या बाईंची बदली त्यांच्या जिल्ह्यात झाली. जाताना त्यांनी भज्जीची कृती मागितली. आत्याबाईंना ती चाळीस माणसांची येते, पाच माणसांची येत नाही, आणि मापं ओंजळीची. मग मी त्यांची एकेक ओंजळ लाल ठिपक्याच्या वाटीत ओतून मोजली. बेसन त्या वरून भुरभुरत सोडतात, म्हणून आधी वाडग्यात वजन केलं आणि राहिलेलं वजा केलं. मेथी किती, याला त्यांचं उत्तर होतं, "भांडं हिरवं दिसंल इतकी." मी तेही तसंच लिहिलं. तीन रविवार लागले. भज्जी आमच्याकडे आजवर कुणी कागदावर लिहिली नव्हती.

गेल्या येळवशीला सकाळी सकाळी कुडाळहून फोन आला. आम्ही शेतात निघायच्या गडबडीत होतो, मी फोन स्पीकरवर ठेवला. बाई भज्जी करत होत्या. दाणे शिजले होते, चिंच घातली होती. "सगळं कागदाप्रमाणे केलंय," त्या म्हणाल्या, "पण आमच्याकडे नारळाशिवाय जरा ओकंओकं वाटतं हो. एक वाटी ओलं खोबरं घालू का?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाई उंड्यांच्या डब्याचं झाकण लावता लावता फोनकडे वाकल्या.

"आत्ता नको बाई," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा हाय तशी खाऊन बघ. फुडच्या येळंला घाल की."