ज्वारी कोणत्या रिंगणात?

वर्गीकरण म्हटलं की आपण मुलांसमोर लाल-निळे मणी ठेवतो. मुलं लाल एकीकडं, निळे एकीकडं करतात आणि आपण शाबासकी देतो. पण यात मुलांनी ठरवलं काय? निकष आपला, उत्तरही आपलंच. म्हणून खेळ तयार करताना मी एक बघतो: निदान एक वस्तू अशी हवी, जिच्यावरून वर्गात भांडण लागेल.

आपल्या परभणी जिल्ह्यात असं सामान घरोघरी आहे. तिसरीसाठी मी मूग, तूर, सरकी, सोयाबीन, गहू, हरभरा, करडई, ज्वारी आणि चिंचोके घेतले. फरशीवर खडूनं दोन रिंगणं काढली, खरीप आणि रब्बी. मूग, सरकी, गहू पटापट बसले. तुरीवर पहिला वाद. पेरणी पावसाळ्यात, पण रास होते हिवाळ्यात! मग पोरांनीच फळ्यावर लिहायला लावलं, ‘कधी पेरतात?’ निकष नेमका करायचा असतो, हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

खरी मजा ज्वारीनं आणली. ती तर दोन्ही हंगामांत पेरतात.

"अर्धी इकडं, अर्धी तिकडं ठेवू की सर."

"मग इकडची ज्वारी रब्बीत पेरत नाहीत का?"

बरीच ओढाताण झाली. शेवटी एकीनं रिंगणं पुसली आणि एकमेकांत घुसलेली नवी काढली. ज्वारी मधल्या जागेत! जॉन व्हेन यांनी 1880 मध्ये अशाच आकृत्या मांडल्या होत्या. नाव मी सांगितलं नाही, तिसरीत त्याची गरजही नाही. चिंचोके मात्र दोन्ही रिंगणांच्या बाहेर राहिले. ‘बाहेर’ हेही उत्तर असतं, हे मुलांना सहज पटत नाही.

दुसरा खेळ अगदी छोटा. आठ दाणे तुरीचे, तीन हरभऱ्याचे. "तूर जास्त की कडधान्य जास्त?" बरीच मुलं "तूर" म्हणतात. ती तुरीची तुलना हरभऱ्याशी करतात. पियाजे यांना लाकडी मण्यांच्या प्रयोगात लहान मुलांकडून असंच उत्तर मिळालं होतं. इथं समजावत बसू नका, दुकान मांडा. गिऱ्हाईक म्हणतं, "सगळं कडधान्य द्या." दुकानदार फक्त तूर देऊ लागला, की बाकीची पोरं ओरडतात, "हरभरा राहिला!"

हे इतक्या लहानपणी कशाला, असं पालक विचारतात. पुढं चौकोनांचे प्रकार शिकताना ‘चौरस हाही आयतच’ म्हटलं, की अनेक मुलं अडतात. अडचण भूमितीची कमी आणि तूर-कडधान्याचीच जास्त असते.

घरी करून बघायचं असेल तर भुईमुगाच्या चार शेंगाही घ्या. भुईमूग खरिपात पेरतात आणि उन्हाळ्यातही. तिसरं रिंगण कुठं काढायचं, ते लेकरांनाच ठरवू द्या.