ओसरीवरची बाज

नांदेडकडच्या आमच्या उमरीत पूर्वी कुणी अंथरुणाला खिळलं, की त्याची बाज ओसरीवर यायची. येणारा-जाणारा जवळ बसायचा, पेपर वाचून दाखवायचा, उठताना हात देऊन त्याची कूस बदलायचा. चिंचेवरून पडून कमरेखाली लुळे झालेले गल्लीतले अण्णा असेच ओसरीवर असत. त्यांची माय जुन्या लुगड्यांची मऊ वाकळ खाली घाली, कडुलिंबाच्या पाण्यानं अंग पुसे. तरी सतत पडून राहिल्याच्या दाबानं माकडहाडावर जखम झाली आणि खोल गेली. हाताशी होतं लाल औषध अन् पट्टी. पू धरेल म्हणून डाळही बंद. हाड दिसू लागलं की घर आतून खचायचं. नांदेडचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1988 चं; त्याआधी मोठं ऑपरेशन म्हणजे रेल्वेनं औरंगाबाद, नाहीतर हैदराबाद.

आज अशी जखम बुजवता येते. सडलेलं मांस, खराब हाड काढतात आणि शेजारचं मांस-कातडं त्याच्या रक्तपुरवठ्यासकट सरकवून खड्ड्यावर बसवतात. हाच फ्लॅप. माकडहाडासाठी बहुधा नितंबाचा, खुब्यासाठी मांडीच्या बाहेरच्या बाजूचा, बैठकीच्या हाडासाठी मांडीच्या मागचा किंवा नितंबाचा. 1993 साली जपानचे डॉक्टर इसाओ कोशिमा यांनी नितंबाचा स्नायू जागेवर ठेवून, त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिनीच्या आधारानं कातडं आणि चरबी फिरवण्याची पद्धत मांडली. पुढं चालू-फिरू शकणाऱ्या रुग्णाचा स्नायू त्यामुळं वाचतो. आणि डाळ, अंडी, दूध आता डॉक्टरच आग्रहानं खायला लावतात, कारण प्रथिनांवाचून जखम भरत नाही.

पण ऑपरेशननंतर काही आठवडे त्या जागेवर भार चालत नाही, आणि पुढंही कूस बदलणं सुटत नाही. दुर्लक्ष झालं तर बुजलेली जखम पुन्हा फुटते. ओसऱ्या गेल्या, मुलं पुण्याला गेली. हवेची गादी आली, तरी तिच्यावरच्या माणसालाही कुणीतरी वळवावंच लागतं. शेजारच्यांचं ते येणं-जाणं हेही औषधच होतं, हे आता पटतं.

म्हणून सांगणं एवढंच: घरात कुणी अंथरुणावर असेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला, रोज पाठ आणि खुबे पाहा. दाबूनही न जाणारी लाली किंवा काळपट डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जखम खोल गेली असेल तर आशा सोडू नका, प्लास्टिक सर्जनला विचारा. खर्चाची धास्ती असेल तर दवाखान्यातल्या, सरकारी योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा.