उधारीच्या वहीतला खरीप

बारावी सायन्स झालं की आमच्या सडक अर्जुनीत दोन वाटा ठरलेल्या. पैसा असला तर इंजिनिअरिंगला नागपूर, नसला तर जवळपास बी.एस्सी. आणि सोबत भरतीची तयारी. मी तिसरीकडेच गेले. आयआयटी मद्रासनं 2020 साली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास आधी करायचा, त्यावरची पात्रता परीक्षा काढली की प्रवेश. घरच्या परिस्थितीप्रमाणे फीमध्ये 75 टक्क्यांपर्यंत सवलतही मिळते. व्हिडिओ घरी बघायचे, दर आठवड्याला असाइनमेंट भरायची, परीक्षा मात्र केंद्रावर. माझं केंद्र नागपूर, म्हणजे साकोली-भंडाऱ्यावरून जाणारी पहाटेची एसटी. बाबा लोकांना सांगत, "पोरगी आयआयटीत आहे, घरीच असते." ऐकणारा एकदा बाबांकडे बघायचा आणि एकदा माझ्याकडे.

पायाभूत टप्पा गणित, संख्याशास्त्र, पायथन आणि इंग्रजी यांत गेला. त्यातला 'कॉम्प्युटेशनल थिंकिंग' मला सगळ्यात आवडला. सुरुवातीला कोडची एक ओळही नाही. दुकानांची बिलं आणि विद्यार्थ्यांचे मार्क पत्त्यांसारख्या कार्डांवर लिहिलेले, एकेक कार्ड उचलत उत्तर काढायचं. पण ती बिलं फार गुणी होती. तारीख जागेवर, बेरीज बरोबर, गिऱ्हाइकाचं नाव एकच.

खरा प्रकार डिप्लोमाच्या टप्प्यावर कळला. तिथं 'बिझनेस डेटा मॅनेजमेंट'चा प्रकल्प असतो. इंटरनेटवरचा तयार डेटा चालत नाही. खरा धंदा शोधायचा, मालकाचं पत्र घ्यायचं, त्याच्याशी बोलतानाचा व्हिडिओ द्यायचा आणि आकडे स्वतः गोळा करायचे. कुणी कॅफे घेतला, कुणी मेडिकल. मी कोहमारा रस्त्यावरचं एक कृषी केंद्र घेतलं. मालक बाबांच्या ओळखीचे. मी त्यांना काकाजी म्हणते.

काकाजींकडे डेटा दोन ठिकाणी होता. एक विक्रीची नोंद करणाऱ्या पॉस मशीनमध्ये. 2018 पासून देशभर अनुदानाचं खत या मशीनवर, सहसा आधार नंबर आणि अंगठा घेऊन, विकावं लागतं, त्यामुळे 45 किलोची, 266 रुपये 50 पैशांची युरियाची प्रत्येक गोणी सरकारच्या सर्व्हरवर पोचते. देशभरातले असे अंगठे एकत्र केले की त्याला बिग डेटा म्हणायचं. दुसरा डेटा काउंटरखालच्या लाल वहीत. बियाणं, औषध, जस्त आणि सगळी उधारी तिच्यात.

ती वही एक्सेलमध्ये उतरवायला बसले आणि पहिल्याच पानावर अडकले. आडनावं जवळपास नाहीतच. 'तलावाखालचा', 'पाटलाचा जावई', 'मोटारवाला'. नावापुढं 3 यु., 1 डीएपी, खोडकिडा 1 लि., आणि एखाद्या रकमेभोवती नुसताच गोल. गोल म्हणजे अर्धे पैसे आले, असं काकाजींनी सांगितलं. पाटलाचा जावई आणि मोटारवाला हा एकच माणूस निघाला. रोवणीच्या गर्दीत काकाजींच्या थोरल्या मुलानं वहीत लिहिलं की मोटारवाला, काकाजींनी लिहिलं की जावई. सारखी नावं शोधणारा फॉर्म्युला एक्सेलमध्ये आहे, पण त्याला गावातली सोयरीक कुठून कळणार? शेवटी काकाजींनी बोट ठेवायचं आणि मी प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, असं चाललं.

मग आलेख काढला. एक ठिपका सगळ्यांपासून लांब, वर टांगलेला. एकाच माणसाच्या नावावर डोळे विस्फारावेत इतक्या गोण्या. असा ठिपका बाजूला काढून सरासरी बघायची, हे मला पाठ होतं. काकाजी हसले. "एकटा नाही नेत बेटा. याचा ट्रॅक्टर आहे. टोल्यावरच्या सगळ्यायचं खत हाच नेते." तो ठिपका काढला असता तर टोला, म्हणजे ती अख्खी वस्ती, माझ्या अहवालातून गेली असती.

वेगळं दिसतं ते फेकू नये, हे आमच्या झाडीपट्टीला खरं तर नवं नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंना 1980च्या दशकात 'पटेल 3' धानात काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, पेरल्या, वर्षानुवर्षं निवड केली आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून वाणाला एचएमटी नाव दिलं. शिक्षण तिसरीपर्यंत. 2018 साली ते गेले. गंमत अशी की काकाजींच्या वहीत एचएमटीचं बियाणं नावालाच आहे. आकड्यांवरून मी बेधडक 'मागणी नाही' लिहिलं असतं. पण लोक घरचंच बियाणं ठेवतात, ते दुकानात येईलच कशाला? एचएमटी शेतातल्या बांधीत आहे आणि वहीत नाही.

जुन्या वह्या चाळताना 2017 चा ऑक्टोबर सापडला. पानं औषधांनी गच्च. विक्रीचा आलेख काढला असता तर दुकानाचं ते सोन्याचं वर्ष. त्या खरिपात धान निसवल्यावर तुडतुड्याची कीड आली होती. भंडारा-गोंदियात बांध्याच्या बांध्या जळाल्यासारख्या वाळल्या. लोकांनी फवारणीवर फवारणी केली, तीही उधारीवर. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सरकारनं मदत जाहीर केली. वहीत मात्र जानेवारीतलं जमेचं पान जवळपास कोरं होतं. म्हणून मी अहवालात विक्रीपेक्षा वसुलीचा आलेख मोठा काढला.

त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. उधारी फिटते ती चुकाऱ्यानंतर, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे आल्यावर. 2024-25 ला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. पण खरेदी केंद्रावर धान मोजलं त्या दिवशी पैसे हातात येत नाहीत. चुकारा बँकेत आला की त्या आठवड्यात वहीत 'जमा'ची रांग लागते. मी ज्यांना 'उशिरा देणारे' अशा गटात टाकलं होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी चुकारा मिळताच पैसे आणून दिले होते. उशीर त्यांच्या घरी झालेलाच नव्हता. मला पुन्हा दिवस मोजावे लागले, या खेपेस खरेदीपासून नव्हे तर चुकाऱ्यापासून.

तरी काही जण उरलेच. त्यांची उधारी कमी करावी, असं मी शिफारशीत लिहिलं. पुस्तकी दृष्टीनं चोख शिफारस होती. काकाजींनी ती वाचून कागद काउंटरवर ठेवला.

"याले बंद केलं तर हा साकोलीले जाईन. याचा भाऊ नगदीचा आहे, तोही जाईन. मग तुझा चार्ट कोणाले दाखवू?"

भावाभावांचा हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच. मी शिफारस खोडली आणि का खोडली ते एका परिच्छेदात लिहिलं. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न त्याच परिच्छेदावर आले. बाकीचे आलेख भराभर सरकले.

अहवालाची छापील प्रत मी काकाजींना नेऊन दिली. ती त्यांनी गल्ल्याखाली ठेवली आणि विचारलं, "कोणत्या गावात किती बाकी आहे, एवढंच काढून देशीन का?" सौंदड, डव्वा, शेंडा अशी गावनिहाय यादी पिव्होट टेबलनं निघाली. तेवढ्याचे त्यांनी दोन प्रिंट मागितले, एक दुकानासाठी आणि एक मोटरसायकलच्या डिक्कीसाठी. एका रस्त्यावरची गावं वसुलीच्या एका फेरीत झाली म्हणजे पेट्रोल वाचतं.