साबणाचा घाम

संपादकांनी फोनवर विषय दिला: ‘हातसाबणाच्या आकर्षक पॅकिंगच्या कल्पना’. मला हसू आलं. गेल्या भाद्रपदात माझ्याच एका आकर्षक कल्पनेपायी शहापूर तालुक्यातल्या एका बचत गटाचे चाळीस साबण वाया गेले होते.

कल्पना पळसाच्या पानाची. इथल्या बायका पानांचे भारे लोकलने मुंबईच्या बाजारात नेतात, तेव्हा पान घरचंच. हिरव्या पानात गुंडाळून केळीच्या सोपटाने बांधलेला साबण फोटोत इतका देखणा दिसला की मी स्वतःवरच खूश झाले. आठव्या दिवशी पान सोडलं, तर वडीवर शिरांचा तपकिरी नकाशा उमटलेला. साबणाचा सामू 9-10 च्या आसपास असतो. पानातला ओला रस अशा अल्कलीला लागला की काळवंडतो. हे मला पाठ होतं. गटातल्या मावशी म्हणाल्या, “पान ओलं होतं ताई. आम्ही सांगणार होतो, पण तुम्ही फोटो काढत होतात.”

लोकांना पॅकिंग म्हणजे रिबीन वाटते. मला ते पाण्याचं गणित वाटतं. किलोभर खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तोही पाण्यात विरघळवून. (हातसाबणात तो थोडा कमीच घालतात; असो.) यात ग्लिसरीनही तयार होतं. मोठे कारखाने बहुधा ते काढून वेगळं विकतात, हातसाबणात ते राहतं आणि हवेतलं पाणी ओढतं. म्हणून आषाढात मुरबाडला वडीला घाम फुटतो. उलट चार-सहा आठवडे वाळताना आतलं पाणी उडून वजन घटतं. तोच साबण पावसाळ्यात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो. त्याला प्लॅस्टिकमध्ये घट्ट आवळलं तर तो घाम जाणार कुठे?

आता वजनाचं. 2011 च्या वैध मापन नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि निव्वळ वजन हवं. छापले शंभर ग्रॅम, गिऱ्हाईकाच्या काट्यावर भरले चौऱ्याण्णव, की बायका चोर ठरतात. मोठ्या कंपन्यांचं वेष्टन नीट वाचा: वजनाशेजारी बारीक अक्षरात ‘पॅक करतेवेळी’ असं असतं. तिथे कुणी काटा काढत नाही! मी गटाला सांगते, आधी वाळवा, मग तोला. पण दिवाळीची ऑर्डर येते दसऱ्याला, आणि सहा आठवडे थांबायला कोण तयार असतं? परवान्याचं तर विचारूच नका. साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे.

त्यात दिवाळीचा साबण म्हणजे ‘मोती’, तोही खोक्यातला, अशी आपली सवय. टाटांच्या टॉम्कोकडून तो 1993 मध्ये हिंदुस्तान लिव्हरकडे गेला, तरी सवय तीच.

हल्ली आम्ही जाड तपकिरी कागदाची पट्टी लावतो, दोन्ही टोकं उघडी. म्हशाच्या जत्रेत माणसं वाचत काहीच नाहीत, उघड्या टोकाला नाक लावतात आणि पैसे काढतात. ठाण्याच्या एका भेटवस्तूवाल्याला मात्र ते गलिच्छ वाटतं. “हायजिनसाठी वरून प्लॅस्टिक मारा.” तीनशे वड्यांची ऑर्डर आहे. मावशींनी काल पुन्हा विचारलं, मारायचं का? मी म्हटलं, उद्या सांगते.