मालक बदलला, गावही बदललं

बालेवाडीच्या स्टेडियममध्ये नारंगी टी-शर्ट घालून बसणाऱ्यांत मूळचे पुणेकर किती होते, याची मला शंकाच आहे. आमच्या रांगेत एक सोलापूरचा, दोघं कोल्हापूरचे, एक केरळी, एक मणिपुरी आणि मी नांदेडचा. त्यातही नांदेडपासून जरा लांब, गोदावरीवरच्या धरणाजवळच्या विष्णुपुरीचा. तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतली आणि पनवेल गाडीनं पुण्यात उतरलो. पिंपरी-चिंचवडला नोकरी, वाकडला भाड्याची खोली, आणि 2014 पासून इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधला फुटबॉल क्लब, एफसी पुणे सिटी. पुण्यात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

फुटबॉलचं वेड हॉस्टेलच्या टीव्हीनं लावलेलं. नांदेडात मैदानावर जाऊन बघायचा खेळ म्हणजे हॉकी. गुरु गोबिंदसिंघजींच्या नावानं होणाऱ्या स्पर्धेला खालसा हायस्कूलच्या मैदानावर दाटीवाटीनं उभं राहून सामने पाहिलेले. फुटबॉल मात्र कायम काचेपलीकडचा, मँचेस्टरचा नाहीतर बार्सिलोनाचा. बालेवाडीत पहिल्यांदा चेंडूला बूट लागल्याचा आवाज कानांनी ऐकला. पहिल्याच वर्षी त्रेझेगे आला होता. वर्ल्डकप जिंकलेला माणूस आपल्यापासून पन्नास-साठ फुटांवर कोपऱ्यात पाणी पितोय, यावर विश्वास बसेना.

संघ मात्र कधी एका जागी बसला नाही. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल अशी पाच हंगामांत प्रशिक्षकांची रांग लागली, आणि पोर्तुगाल तर काही सामन्यांतच गेले. दर वर्षी नवी माणसं, नवी पद्धत. चांगला म्हणावा असा हंगाम एकच, 2017-18 चा. मार्सेलिनो आणि अल्फारो जोडीनं असे काही खेळले की उपांत्य फेरी गाठली. बंगळुरूविरुद्धचा पुण्यातला सामना शून्य-शून्य सुटला. बंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल मारले आणि आमचा खेळ खलास. त्या रात्री घरमालकांनी दार वाजवून विचारलं, "कोणी गेलं का?"

पुढच्या हंगामात गाडी घसरली. मालक असलेल्या वाधवान समूहाच्या आर्थिक अडचणींच्या बातम्या पेपरात यायला लागल्या आणि आमच्यात एकच विषय सुरू झाला. हा क्लब दुसऱ्या कोणीतरी घ्यावा. सामना संपला की स्टेडियमबाहेरच्या टपरीवर चहा घेत आम्ही नवा मालक शोधायचो. जणू घरात मुलगी लग्नाची आहे आणि आम्ही स्थळं बघतोय. कोणी म्हणायचं टाटांनी घ्यावा, पण त्यांचं जमशेदपूर होतं. कोणी म्हणायचं, एखाद्या परदेशी क्लबनं घ्यावा. पहिल्या वर्षी इटलीच्या फिओरेंटिनाशी भागीदारी होतीच.

एकदा पत्राचा मसुदाही झाला. वहीच्या पानावर, निळ्या शाईत, सोलापूरवाल्याच्या वळणदार अक्षरात. 'ज्यांना फुटबॉलची आस्था आहे अशा मालकांच्या हाती आपला क्लब जावा' असं काहीतरी. 'आपला' शब्द ठेवायचा की 'हा' यावर अर्धा तास वाद झाला. तेवढ्यात कोल्हापूरवाल्यांपैकी एकानं, जो एरवी गप्प बसायचा, भजी तोंडात टाकत विचारलं, "पण मालक लागतोय कशाला? आमच्यात पाटाकडीलला मालक हाय व्हय? दिलबहारला हाय? तालमीची टीम असती. पेठ म्हणंल तसं." आम्ही हसलो. तो हसला नाही.

त्या माणसाचं बोलणं मला नंतर पुरतं कळलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळणारे संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल. भांडणं होतात, मारामाऱ्याही होतात, पैशाची ओढाताण तर कायमची. पण उद्या सकाळी पेपर उघडला आणि पाटाकडील तालीम हैदराबादला गेली, असं होत नाही. तालीम उचलून नेता येत नाही.

पुण्यात तसं नव्हतं. एफसी पुणे सिटीच्या आधी पुणे एफसी होता, 2007 साली सुरू झालेला, पिरामल समूहाचा. 2012-13 ला आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा आला होता. तोही मिटला आणि त्याची अकादमी आमच्या क्लबानं घेतली. मध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळून गेला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याच्याही आधी, 2010 ला बंद झाला, आणि तो तर राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. यातल्या एकाही वेळी प्रेक्षकांना कोणी विचारलं नव्हतं. विचारायची सोयच नव्हती. आमच्याकडे होतं तिकीट, आणि तिकीट म्हणजे नव्वद मिनिटांचा हक्क.

पत्र गेलंच नाही. 2019 च्या उन्हाळ्यात वडिलांची तब्येत बिघडली आणि मी नोकरी सोडून विष्णुपुरीला आलो. वडिलांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं, ते मी बघायला लागलो. इकडे विद्यापीठ, तिकडे इंजिनिअरिंग कॉलेज, शिवाय सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना. दिवसभर आधार कार्डं, मार्कमेमो, केसपेपर. ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी, मशीनमध्ये कागद अडकलेला आणि पुढं दहा पोरं उभी असताना, फोनवर बातमी आली. क्लब विकला गेला. विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरानेनी यांनी हक्क घेतले. नवा क्लब, हैदराबाद एफसी.

म्हणजे आम्ही टपरीवर जे मागत होतो ते मिळालं. मालक बदलला. फुटबॉलची आस्था असलेलेच आले. फक्त क्लब गेला.

आता गंमत बघा. पुण्यातल्या मित्रांना ही बातमी म्हणजे सुतक. मी मात्र नकाशा बघत बसलो. विष्णुपुरीहून पुणं लांब, हैदराबाद जवळ. आमच्या भागातल्या माणसाला हैदराबाद परकं नाहीच. 1956 पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यातच होतो. आजोबा उर्दूत शिकले, लग्नाचा बस्ता आजही कित्येक घरांत हैदराबादहून येतो, मोठं दुखणं निघालं की गाडी तिकडंच वळते. माझा क्लब माझ्यामागोमाग मराठवाड्याच्या दिशेनं निघालाय, असं क्षणभर वाटलं. मित्राला फोनवर तसं बोललोही. त्यानं फोन ठेवला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गचिबावलीच्या मैदानावर हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. दुकान लवकर बंद करून टीव्हीसमोर बसलो. मार्सेलिनोच होता, पण पिवळ्या शर्टात. त्यानं फ्री-किकवर गोल मारला, हैदराबाद दोन-एकनं जिंकलं. तो गोल बालेवाडीत पाहिलेल्यांसारखाच होता, तसाच चेंडू भिंतीवरून वळला. मी उठून उभा राहिलो नाही. हात वर गेला नाही. तेव्हा मला माझं उत्तर मिळालं. संघ जवळ आला म्हणून आपला होत नाही. मी ज्याचा समर्थक होतो ती माणसं, ती रांग, ती टपरी होती, आणि ते कोणाच्याच विक्रीपत्रात नव्हतं.

हैदराबादच्या पोरांबद्दल मात्र माझ्या मनात तेव्हाही काही नव्हतं. डेक्कन लीजन नावाचा त्यांचा समर्थकगट उभा राहिला. पहिल्या हंगामात त्यांचा संघ तळाला गेला, आणि मार्च 2022 मध्ये गोव्यात केरळला पेनल्टीवर हरवून त्यांनी आयएसएल जिंकली. बरोबरीचा गोल गोव्याच्या साहिल तावोराचा, पेनल्टी अडवल्या गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीनं. त्या रात्री मात्र मी उठून उभा राहिलो, हे खरं.

पुढं काय झालं? पैसा आटला. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या आल्या, परदेशी खेळाडू सोडून गेले, 2023-24 च्या अख्ख्या हंगामात संघ एकच सामना जिंकला. हैदराबादचे समर्थक म्हणायला लागले, मालक बदला. 2024 ला मालक बदलला, बी. सी. जिंदल समूह आला. 2025 मध्ये क्लब दिल्लीला गेला. नाव, स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्याहून निघालेला परवाना सहा वर्षांत तिसऱ्या शहरात.

माझ्या दुकानात हा विषय निघतो तो हॉस्टेलच्या पोरांमुळे. 2023 च्या सुरुवातीला, मँचेस्टर युनायटेड कोण विकत घेणार याची जगभर चर्चा चाललेली असताना, तिघं जण पेन ड्राइव्ह घेऊन आले. ए-थ्री कागदावर रंगीत प्रिंट हवी, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांवर 'ग्लेझर्स आउट'. हॉस्टेलच्या टीव्हीरूममध्ये लावायची. हे हिरवं-पिवळं म्हणजे क्लबाचा जन्म ज्या नावानं झाला त्या न्यूटन हीथचे रंग. ग्लेझर कुटुंबानं 2005 ला क्लब घेतला, तोही कर्जानं, आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवलं. म्हणून समर्थकांनी निषेधाचे मफलर त्या जुन्या रंगात विणले. मे 2021 मध्ये तर ते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलशी सामना पुढं ढकलावा लागला.

"काका, आता कतारचा शेख घेणार क्लब. मग बघा," त्यातला परभणीचा पोरगा म्हणाला.

"काय बघू?"

"मालक बदलला की सगळं बदलतंय की."

मी प्रिंट काढून दिली, पैसे घेतले. शेख आला नाही. रॅटक्लिफ नावाच्या उद्योगपतीनं एक चतुर्थांशाहून थोडा जास्त हिस्सा घेतला, ग्लेझर राहिलेच. नव्या भागीदारानं आल्यावर शेकडो नोकऱ्या कमी केल्या आणि ऐन हंगामात उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड केला, मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सूट नाही. ज्यांनी मफलर विणले, तेच पुन्हा फलक घेऊन उभे राहिले.

कोलकात्यात याहून अवघड प्रकार झाला. ईस्ट बंगालच्या तंबूसमोर जुलै 2021 मध्ये समर्थकांचेच दोन गट समोरासमोर आले. एक म्हणे गुंतवणूकदाराच्या करारावर सही करा, नाहीतर संघ खेळणार नाही. दुसरा म्हणे करू नका, नाहीतर क्लब हातचा जाईल. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मला विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि म्हणूनच ते बघवत नव्हतं. शेजारी मोहन बागानवाल्यांनी मात्र मागणी नेमकी ठेवली. मालक राहू द्या, नावापुढं चिकटवलेलं मालकांच्या जुन्या क्लबाचं 'एटीके' काढा. तीन वर्षं धरून बसले आणि 2023 ला ते निघालं.

या सगळ्यात सर्वांत शहाणे मला लंडनचे विम्बल्डनवाले वाटतात. त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला 2002 साली मंजुरी मिळाली. त्यांनी नवा मालक शोधला नाही. खेळाडूंची चाचणी सार्वजनिक मैदानावर घेतली, स्वतःच्या मालकीचा एएफसी विम्बल्डन काढला आणि अगदी खालच्या पायरीपासून चढत 2011 ला व्यावसायिक लीगमध्ये पोचले. जर्मनीत तर नियमच आहे की निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती हवीत, एखाद-दुसरा अपवाद सोडून. कोल्हापूरवाला भजी खात हेच सांगत होता.

आजही पुण्याचा संघ आयएसएलमध्ये नाही. बालेवाडीतला तो मणिपुरी मित्र गावी परतला, सोलापूरवाला क्रिकेट बघतो. हॉस्टेलच्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. उद्या नांदेडात म्हणा, संभाजीनगरात म्हणा, क्लब निघाला आणि त्याच्या मागे उभं राहायची वेळ आली, तर मालक कोण आहे हे नंतर विचारा. आधी तीन गोष्टी कागदावर मागा. क्लबाचं नाव, त्याचा रंग आणि त्याचं गाव समर्थकांच्या मताशिवाय बदलणार नाही. त्या कागदाच्या झेरॉक्स मी फुकट काढून देईन.